पितृपंधरवड्यातली गिन्नीबाई

गुरुपुष्याला सगळं भाईंदर सोनाराच्या पायऱ्या झिजवत असायचं, तेव्हा गिन्नीबाई घरी बसून तांदूळ निवडायची. आणि पितृपंधरवडा लागला, सोनाराच्या दुकानाकडे कुत्रंसुद्धा फिरकेनासं झालं, की ठेवणीतली साडी नेसून, पर्स काखेत मारून ती सोनं घ्यायला निघायची. सर्वपित्री अमावास्या हा तिचा खास मुहूर्त. "सुमन, ज्या दिवशी सोनार माश्या मारतो ना, तो आपला गुरुपुष्य," असं ती मला सांगायची. माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी दोन्ही कानांना हात लावले होते. त्या बाईच्या नादाला लागू नकोस, असं त्यांनी मला बजावलं, आणि तेव्हापासून मी तिच्या नादाला लागले.

तिचं खरं नाव कमल. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना होता, तिथे ती पॅकिंगमध्ये कारकून आणि मी हिशेबात. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी लग्न होऊन नवी आले होते. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, विधवा, मूलबाळ नाही, मोरव्याकडच्या एका बैठ्या चाळीत एकटी राहायची. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. गिन्नीबाई हे नाव पॅकिंगमधल्या पोरांनी पाडलेलं. त्यांना वाटायचं तिला ते ठाऊक नाही. एकदा एकाने चुकून तोंडावरच हाक मारली. ही शांतपणे म्हणाली, "हां, बोल. गिन्नीबाईच आहे मी. तू कोण, उधारीबाबू?" पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आमचा सोनार म्हणजे स्टेशनाच्या पश्चिमेचे अण्णा. भाव उतरलाय की नाही हे अण्णांना विचारायची तिला गरज पडत नसे. दुकानात पाऊल टाकल्यावर अण्णांनी मान वर केली नाही तर भाव चढलेला. "या, बसा" म्हणाले तर जागच्या जागी. चहा मागवला तर उतरलेला. आणि एका भाद्रपदात तर अण्णांनी पोऱ्याला पाठवून चहाबरोबर बटाटेवडासुद्धा मागवला. गिन्नीबाईने वडा पूर्ण खाल्ला, हात पुसले आणि म्हणाली, "अण्णा, आज दोन नाणी द्या." सुरुवातीला ती चांदीचीच नाणी घेई, कारण तेव्हा सोन्यावर सरकारची बंधनं होती आणि तिला भानगड नको होती. बंधनं उठली तशी ती सोन्याकडे वळली. दोन ग्रॅमचं नाणं, बोनसच्या वर्षी पाच ग्रॅमचं. डबी उघडून ते एकदा बघायचं, पदराने पुसायचं, की कपाटात.

पण नाणंच का, असं मी तिला एकदा विचारलं. निदान एखादी चेन तरी कर, गळ्यात दिसेल. तेव्हा ती डब्यातली पोळी तशीच ठेवून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "दागिन्यावर दहा जण हक्क सांगतात. हा आमच्या घराण्यातला, हा आमच्या पैशातला. नाण्याला घराणं नसतं. ज्याच्या मुठीत, त्याचं." त्या दिवशी तिने मला पाटल्यांची गोष्ट सांगितली.

तिच्या आईने लग्नात तिला दोन पाटल्या घातल्या होत्या. महाडकडचं खेडं, वडील लवकर गेलेले, आई लोकांच्या शेतावर राबायची. त्या बाईने पोटाला चिमटे काढून लेकीच्या हातात सोनं घातलं. पुढे आई गेली, आणि चारच वर्षांनी नवराही गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर माणसांनी भरलं होतं. तेव्हा थोरल्या जाऊबाई पुढे आल्या आणि त्यांनी हिच्या हातातल्या पाटल्या उतरवून घेतल्या. ही म्हणाली, "अक्का, आईच्या आहेत." त्यावर जाऊबाई भरल्या माणसांत म्हणाल्या, "तुझ्या आईच्या? तुझी आई सोनं कुठून आणणार? अंगावर धड लुगडं नव्हतं तिच्या. आमच्या पैशातल्या आहेत या." थोरले दीर जमिनीकडे बघत राहिले. आत्याबाई, म्हणजे हिची आत्येसासू, त्याही गप्प.

"सोन्याचं काही नाही गं," गिन्नीबाई म्हणाली. "सोनं मी कमावतेय. पण माझ्या आईने मला काही दिलंच नाही, असं ठरवून टाकलं तिने. माझी आई तिने पुसली. आता तिच्याच तोंडून, त्याच माणसांसमोर, मला ते वाक्य काढून घ्यायचंय. पाटल्या हिच्या आईच्या. बस, एवढंच. त्याशिवाय मी मरायची नाही." हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि भाजीत बुडवला.

क्षमा करावी, विसरून जावं, असं सांगणारी माणसं मला आयुष्यात खूप भेटली. त्यांतल्या एकाच्याही हातातून कुणी पाटल्या ओढल्या नव्हत्या. मला गिन्नीबाईचा राग आवडायचा. त्यात थयथयाट नव्हता. लोणच्याची बरणी जपावी तसा तिने तो जपला होता, झाकण घट्ट लावून.

थोरल्या जाऊबाई काशीमीऱ्याला राहायच्या. दिरांचं हायवेवर ट्रकचं गॅरेज होतं, बरं चालायचं. प्रत्येक लग्नाकार्यात जाऊबाई त्या पाटल्या घालून यायच्या आणि हिच्यासमोर हात नाचवून बोलायच्या. "जाड आहेत ना? हल्ली असं भरीव काम मिळत नाही," असं बायकांना सांगायच्या. गिन्नीबाई हे सगळं ऐकून एवढंच म्हणायची, "अक्का, चुलीपुढे जपा हो." जाऊबाईंना ते खवचट वाटायचं. मलाही त्याचा अर्थ कळायचा नाही, पण मी कधी विचारलं नाही.

दोघी जावांच्या घरांत आणखी एक फरक होता. आजेसासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात श्राद्ध-पक्ष बंद झालेलं. गिन्नीबाई ते मनापासून पाळायची. "मी पितरांना जेवायला घालत नाही, तर पितर माझ्या आडवे कशाला येतील?" म्हणायची. जाऊबाईंच्याही भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. पण भाद्रपद लागला की त्या हळूच गच्चीवर जाऊन कावळ्याला घास ठेवायच्या. त्या पंधरवड्यात त्यांच्या घरात नवं पातेलंसुद्धा येत नसे. हे गिन्नीबाईला माहीत होतं, आणि तिने ते कुठे बोलून दाखवलं नव्हतं. अशा गोष्टी ती सांभाळून ठेवायची.

मग नव्वदीच्या मध्यावर जाऊबाईंच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी नंदा, बालवाडीत शिक्षिका. सुपारीच्या दिवशी जाऊबाई रंगात येऊन बोलून बसल्या, "सुनेला पाच तोळे घालू. आमच्या घराला शोभेल असं." लग्न मार्गशीर्षात. भाद्रपदात भाव असा काही घसरला की अण्णांनी आम्हाला पाहताच खुर्ची पुसून दिली. गिन्नीबाईने आपलं नाणं घेतलं आणि तिथूनच, अण्णांच्या फोनवरून, काशीमीऱ्याला फोन लावला.

"अक्का, सोनं आत्ता घ्या. भाव पडलाय. पुढे चढेल."

पलीकडून जाऊबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "पितरांत सोनं? माझ्या पोराचं लग्न आहे कमल, मयत नाही. आम्ही दसऱ्याला घेऊ, मुहूर्तावर."

"बरं," गिन्नीबाई म्हणाली, आणि फोन ठेवला. मी तिला म्हटलं, कशाला सांगितलंस? तिला अक्कल शिकवायची तुला काय गरज? ती हसली. असं हसताना मी तिला फार कमी वेळा पाहिलं. "खरं सांगितलं म्हणूनच ती ऐकणार नाही. मी गप्प बसले असते, तर भाऊजींनी घेतलं असतं."

तसंच झालं. दसऱ्याला भाव चढला. दिवाळीला आणखी चढला. मधल्या काळात गॅरेजची दोन मोठी बिलं अडकली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी जाऊबाई आणि दीर मोरव्याला गिन्नीबाईच्या दारात हजर. मी तिथेच होते, भाऊबीजेच्या करंज्या द्यायला आले होते. जाऊबाई पाणी पिऊन म्हणाल्या, "तुझ्याकडे नाणी आहेत म्हणे. उसनी दे. घरचंच काम आहे."

"उसनं नको अक्का. पाटल्या आणा. वजनाला वजन. पाटल्यांच्या वजनाची नाणी मोजून घ्या."

जाऊबाईंनी दिरांकडे पाहिलं. जुन्या पाटल्या देऊन कोरी नाणी मिळणार, आणि पाटल्या तर चांगल्या जाड. त्यांच्या चेहऱ्यावर फायदा स्पष्ट दिसत होता. "चालेल की," त्या म्हणाल्या.

"अण्णांकडे तोलू. आणि आत्याबाईंनाही आणा. सोन्याचा व्यवहार आहे, नंतर बोलाचाली नको."

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "शनिवारी अर्धी रजा टाक." मी टाकली.

शनिवारी अण्णांचं दुकान लग्नसराईने फुललं होतं. गाद्यांवर बायका, मुलांची रडारड, कारागीर आत फुंकणी फुंकतोय. जाऊबाई पाटल्या घालूनच आल्या होत्या. आत्याबाई काठी टेकत आल्या आणि स्टुलावर बसल्या. गिन्नीबाईने रुमालात बांधलेली नाणी मांडीवर ठेवली आणि हाताची घडी घातली. जाऊबाईंनी झोकात पाटल्या उतरवून अण्णांसमोर सरकवल्या.

अण्णांनी एक तराजूत ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग काचेवर हलकेच आपटून पाहिली. कसोटीवर घासली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, ही भरीव नाहीये. आत लाख आहे."

"काय?" जाऊबाई म्हणाल्या.

"लाख, लाख. वरचा पत्रा चोख आहे, त्यात वाद नाही. पण आत लाख भरलीय. अशी तोलून चालणार नाही. तापवून लाख काढायची, मग सोन्याचं वजन. निम्मंसुद्धा भरेल असं वाटत नाही मला."

गादीवरच्या दोन बायकांनी माना वळवल्या. त्यांतली एक तोंडाला पदर लावून हसली. इतकी वर्षं नाचवलेला हात जाऊबाईंनी मांडीखाली घेतला. दीर भडकले, "घरात लाखेचं सोनं? कुणी केलेल्या या? कुठल्या सोनाराने फसवलं आपल्याला?"

आणि जाऊबाई उसळून म्हणाल्या, "आपल्या कुठल्या! आपल्या घरात असलं लाखेचं कुणी केलंय का कधी? या हिच्या आईने घातलेल्या! हिच्या आईच्या पाटल्या आहेत या, त्या बाईने लाख भरून पोरगी खपवली आपल्याकडे!"

गिन्नीबाईने हाताची घडी सोडली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ऐकलंत?"

आत्याबाईंनी काठी जमिनीवर टेकली. "आयकलं. म्हातारी झाले म्हनून भैरी न्हाय झाले. तवा बोलायला हवं होतं मी, बोलले न्हाय. आता सांगते, आयकलं."

"भाऊजी, तुम्ही?"

दीर पुन्हा जमिनीकडे बघायला लागले. तेवढं तिला पुरलं. तिने अण्णांच्या समोरून पाटल्या उचलल्या, एकेक करून दोन्ही हातांत चढवल्या, आणि मांडीवरचा नाण्यांचा रुमाल पर्समध्ये टाकला.

"अगं, नाणी?" जाऊबाई ओरडल्या. "वजनाला वजन ठरलं होतं!"

"ते पाटल्या तुमच्या होत्या तेव्हा," गिन्नीबाई उठत म्हणाली. "माझ्या आईची वस्तू मी विकत कशाला घेऊ?"

आम्ही बाहेर पडलो. मिठागरांच्या बाजूने चालत तिच्या घराकडे निघालो, आणि मी रस्ताभर हसत होते. ती हसत नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला ठाऊक होतं. हळदीच्या दिवशी आईनेच सांगितलेलं. जमवलेल्या सोन्यात तारेएवढ्या बांगड्या झाल्या असत्या. सासरी हात भरलेला दिसावा म्हणून तिने लाख भरून घेतली. म्हणाली, चुलीपुढे बसशील तेव्हा काढून ठेव, लाख पाघळते, कुणाला कळू देऊ नकोस." ती थांबली. "आज सगळ्यांना कळलं. आईची गरिबी मी बाजारात मांडली, सुमन."

"पण नाव परत मिळालं," मी म्हटलं.

"हो. ते मिळालं." तिने डोळे पुसले. पदराने नाही, पाटलीच्या हाताने, आणि पाटली गालाशी तशीच धरून ठेवली.

लग्नाला ती जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती गेली, पाटल्या घालून, पुढच्या रांगेत बसली. जाऊबाईंनी कुठून कुठून जमवून सुनेच्या गळ्यात कसंबसं एक मंगळसूत्र घातलं होतं. आहेराच्या वेळी गिन्नीबाई स्टेजवर चढली आणि नंदाच्या हातात एक नाणं ठेवून तिची मूठ मिटली. मग माईकशेजारी उभी राहून, मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "हे तुझं. सासूचं नाही, नवऱ्याचं नाही. कुणी मागितलं तर सांग, चुलत सासूने दिलंय, आणि साक्षीला अख्खा मांडव आहे." सनईवाल्या कॅसेटचा आवाज कुणीतरी घाईघाईने वाढवला.

सूड घेतला की माणूस निवतं, असं म्हणतात. गिन्नीबाई काही निवली नाही. पुढच्या भाद्रपदात आम्ही अण्णांकडे गेलो तर पायरीवर नंदा उभी. "काकी, पगारातलं थोडं ठेवलंय. मला पण एक घ्यायचंय. आईंना सांगू नका, पितरं चालू आहेत." गिन्नीबाईने तिला जवळ बसवलं आणि अण्णांना म्हणाली, "चहा तीन." त्यानंतर दर वर्षी आम्ही तिघी जायचो. पोरीवर तिचा जीव जडला होता, हे खरं. पण थोरल्या जाऊबाईंची सून आपल्या पंगतीला आली, याचा तिला मनापासून आनंद व्हायचा, हेही तितकंच खरं, आणि तिने ते माझ्यापासून कधी लपवलं नाही.

दशक संपता संपता ती आजारी पडली. पोटाचं दुखणं, उशिरा कळलं. हॉस्पिटलातून घरी पाठवली तेव्हा ओळखू येत नव्हती. नंदा रोज शाळा सुटली की काशीमीऱ्याहून यायची. एक दिवस तिच्या मागून थोरल्या जाऊबाईही आल्या, शहाळं घेऊन. खाटेशी बसून त्यांनी डोळ्याला पदर लावला. "कमल, झालं गेलं विसरून जा. जाताना मनात काही ठेवू नये."

गिन्नीबाईने डोळे उघडले. "सुमन, कपाटातल्या पाटल्या दे."

मी दिल्या. घालायला म्हणून तिचा हात उचलला, पण त्या हातात आता काही राहिलं नव्हतं; पाटली सरळ कोपरापर्यंत घसरली असती. तिने मान हलवली. "मला नाही. नंदाला घाल."

नंदा रडायला लागली. मी तिच्या दोन्ही हातांत पाटल्या चढवल्या. गिन्नीबाई धाप लागल्यासारखी, पण एकेक शब्द तोडून बोलली.

"घरात रोज घाल. सणावारी नाही, रोज. अक्काला वाढताना हातात असू देत. कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"काकींच्या आईच्या," नंदा म्हणाली.

"अक्का, बरोबर आहे ना?"

जाऊबाई खिडकीकडे बघत होत्या. गिन्नीबाई वाट बघत राहिली. त्या बाईला वाट बघण्याचा कंटाळा कधीच नव्हता. शेवटी जाऊबाईंनी मान हलवली.

"तोंडाने."

"बरोबर आहे," जाऊबाई म्हणाल्या.

मग ती उशीवर मान टाकून स्वस्थ झाली. डोळे मिटले. आम्हाला वाटलं झोप लागली. नंदाने शहाळ्याचं पाणी पेल्यात ओतलं आणि ते जरा कोमट करावं म्हणून स्टोव्हकडे वळली, तेव्हा मागून गिन्नीबाईचा आवाज आला, अगदी बारीक, पण त्यात राग नव्हता.

"अगं, आधी काढून ठेव. आत लाख आहे."